न बदललेली ओळ

सखाराम भोईर चौकच्या बाजारात सुकट घ्यायला गेला, की आधी तराजूचं पारडं उचलून त्याच्या बुडाला काही चिकटवलंय का ते बघायचा. कोळीण शिव्या घालायची, पण त्याला त्याचं काही वाटत नसे. एस.टी.चं तिकीट हातात आलं की वाचायचा, सुट्टे पैसे उजेडात धरायचा. लग्न ठरलं तेव्हा भटजींनी काढलेला मुहूर्त त्यानं दुसऱ्या पंचांगात पडताळून घेतला होता. गौराबाई, त्याची बायको, हे सगळ्यांना सांगायची आणि वर म्हणायची, "माझ्यात कायी खोट निघाली नाय म्हनून मी या घरात आली."

लोधिवलीच्या भाताच्या खाचरांतून हा माणूस साजगावच्या कारखान्यात गेला तेव्हा कारखाना नवा होता आणि सखारामला मिसरूड फुटत होतं. तिथं रासायनिक कंपन्यांसाठी लोखंडी टाक्या बनत. सखारामचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्याला ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून घेतलं. मेणकट कापडावर शाईनं रेघा मारायच्या, इंग्रजी अक्षरं एकेक करून काढायची, आणि साहेबांनी काही बदललं की अर्धं ब्लेड घेऊन जुनी ओळ खरवडून त्या जागी नवी लिहायची. कापडाला भोक न पाडता ओळ खरवडणं ही कला होती. नकाशावरच्या त्या इंग्रजी सूचनांना नोटा म्हणत; इंग्रजी तो त्या काढता काढताच शिकला.

पुढं त्याचा संशयी स्वभाव साहेबांच्या ध्यानात आला आणि त्यांनी त्याला चेकर केलं. दुसऱ्यानं काढलेल्या नकाशातलं प्रत्येक माप तपासायचं, बरोबर असेल तर त्यावर पिवळ्या पेन्सिलीची खूण करायची, चूक असेल तर लाल, आणि सगळं झाल्यावर कोपऱ्यात सही. ती सही असल्याशिवाय नकाशा खाली शॉपमध्ये, म्हणजे टाक्या बनत त्या शेडमध्ये, जात नसे. गावात ज्या खोडीला लोक हसायचे, तिचा इथं पगार मिळायला लागला. ऑफिसातली पोरं म्हणायची, भोईरकाका देवळात गेले तर देवाची उंची मोजून येतील.

अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याला ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, थंड हवेचं यंत्र बसवलं, दाराला झेंडूचं तोरण लावलं आणि बाहेर पाटी लागली की चपला काढून आत यावं. सखाराम पाटी वाचून दारातच थांबला. चपलेच्या धुळीला जे यंत्र भितं, त्याच्यावर लोखंडाचं काम कसं सोपवायचं, हा पहिला संशय त्याला तिथंच आला.

यंत्र चालवायला जया नावाची मुलगी होती. कर्जतची, वडील बाजारपेठेत शिंपीकाम करणारे. पुण्याला जाऊन तिनं हा कोर्स केला होता, आणि अजून तिची नोकरी कायम झालेली नव्हती. जुन्या नकाशांपैकी जे रोज लागत ते आधी यंत्रात उतरवायचे, असं साहेबांनी ठरवलं. जया पडद्यावर रेघा मारायची, मग नोटा टाईप करायची. सखाराम तिच्या मागं स्टूल टाकून बसायचा. त्याचा एक हट्ट होता. कापडावर त्याची ओळ जिथं तुटली असेल, तिथंच ती पडद्यावरही तुटली पाहिजे. शॉपमधल्या माणसांच्या नजरेला नकाशा जसा सवयीचा आहे तसाच दिसला पाहिजे, इकडचं तिकडं झालं तर ते गोंधळतील. जयानं एकदा सांगून पाहिलं की ओळी थोड्या लांब केल्या तर जागा वाचेल. सखारामनं मान हलवली. मग ती तो सांगेल तिथं ओळ तोडत गेली.

दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकानं कळवलं की आमच्या टाक्यांना साध्या वेल्डिंग कांड्या चालणार नाहीत, लो हायड्रोजन कांड्याच हव्यात. साधी कांडी पुडक्यातून काढली की थेट वापरता येते. ही दुसरी नखरेल, आधी भट्टीत तापवून घ्यावी लागते, पण तिचा जोड तडकत नाही. म्हणजे त्या गिऱ्हाइकाच्या सगळ्या नकाशांवर जिथं जिथं 'जनरल पर्पज इलेक्ट्रोड' लिहिलेलं होतं, तिथं तिथं 'लो हायड्रोजन इलेक्ट्रोड' करायचं. सखारामनं मनातल्या मनात ब्लेडं मोजायला घेतली होती. जया म्हणाली की काका, एवढं लागत नाही. यंत्राला जुने शब्द सांगायचे, नवे सांगायचे, ते स्वतः शोधून बदलतं.

तिनं एक नकाशा उघडून दाखवला. चार बोटं चालवली आणि पडद्यावरचे शब्द बदलले. सखाराम बघत राहिला. सबंध दिवसाचं खरवडणं डोळ्यांदेखत संपलं होतं, आणि कापडावर जसा जुन्या अक्षराचा पुसट डाग राहतो तसा इथं डागसुद्धा नव्हता. त्याला ते बिलकूल आवडलं नाही. ज्याचा डाग राहत नाही ते बदललं कुणी आणि कधी, हे उद्या कळणार कसं?

पहिल्या गठ्ठ्याच्या प्रिंटा त्याच्या टेबलावर आल्या तेव्हा तो पिवळी आणि लाल अशा दोन्ही पेन्सिलींना टोक काढून बसला आणि अर्ध्या तासात हसत उठला. जयानं यंत्राला नुसतं 'जनरल पर्पज' शोधायला सांगितलं होतं. टाकीला बाहेरून द्यायचा साधा रंगही नकाशात 'जनरल पर्पज पेंट' होता. यंत्रानं तोही बदलला आणि टाकीला लो हायड्रोजन रंग द्यावा असं लिहून ठेवलं. सखारामनं ती प्रिंट सगळ्या ऑफिसला दाखवली. साहेबांनाही दाखवली. जयाचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी तिनं सगळे नकाशे पुन्हा केले, आणि या वेळी 'जनरल पर्पज इलेक्ट्रोड' असे तिन्ही शब्द एकत्र सांगितले, म्हणजे रंगाला धक्का लागू नये.

नव्या प्रिंटा सखारामनं डोळ्यात तेल घालून पाहिल्या. प्रत्येक ठिकाणचा रंग पाहिला, 'जनरल पर्पज' म्हणूनच लिहिलेलं ग्रीस पाहिलं, बदललेला प्रत्येक शब्द वाचला. पिवळ्या खुणा केल्या आणि सह्या ठोकल्या.

पौषात, वालाच्या शेंगा भरत आल्या होत्या त्या दिवसांत, त्या गिऱ्हाइकाची पहिली टाकी तयार झाली. टाकी पूर्ण झाली की तिच्यात पाणी भरून दाब चढवतात, कुठं गळतं का ते बघायला. गिऱ्हाइकाचा तपासनीस आला होता. दाब चढत असताना वरच्या नळीच्या जोडाला तडा गेला आणि पाण्याची अशी तिखट धार सुटली, की जवळ उभा असलेला कमळ्या नावाचा खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारा मदतनीस, लोखंडी घोडीवर जाऊन आपटला. त्याचा हात मोडला. डोकं थोडक्यात बचावलं.

जोड नागूनं केला होता. नागू कर्जतपलीकडच्या कोंडाणे गावाजवळच्या पाड्यावरचा ठाकर. हात इतका स्थिर, की त्याच्या वेल्डवर बोट फिरवलं तर विणीवरून फिरवल्यासारखं वाटे. फोरमन गजा ठोंबरेनं जोडाचा तुकडा कापून बघितला आणि कांडी साधी होती हे उघड झालं. गजानं नकाशा पसरला. उजव्या अंगाला मोठ्या नोटांत स्पष्ट लिहिलं होतं, लो हायड्रोजन. नागू म्हणाला की मला साध्या कांडीचं सांगितलं, मी साधी वापरली. गजा म्हणाला की मी असं कशाला सांगीन? तपासनीस उभाच होता. संध्याकाळच्या आत नागूच्या नावानं निलंबनाचा कागद निघाला. कांडी भट्टीत तापवायचा कंटाळा केला, असं कारण त्यात होतं. नागू खोपोलीत भाड्याच्या खोलीत राहायचा. त्यानं खोली सोडली आणि बायकोला घेऊन पाड्यावर निघून गेला.

ऑफिसात सगळ्यांना हे पटलं. सखारामलाही पटलं असतं, पण त्याच्या डोक्यात एक खडा बोचायला लागला. कंटाळा करणारा माणूस सगळीकडं कंटाळा करतो. त्याच टाकीच्या पोटातल्या शिवणी नागूच्याच होत्या आणि त्या लो हायड्रोजनच्या होत्या. मग नळ्यांच्या जोडांचाच कंटाळा का आला?

जेवणाच्या सुट्टीत तो खाली शॉपमध्ये गेला. टाकीच्या घोडीवर ती प्रिंट अजून टांगलेली होती, तेलाचे हात लागून काळी पडलेली. मोठ्या नोटा त्यानं वाचल्या. बरोबर होत्या. मग डाव्या कोपऱ्यात खाली, नळीच्या जोडाचं मोठं करून काढलेलं चित्र होतं, त्याच्या शेजारच्या अरुंद चौकटीत बारीक नोट होती. ती त्यानं वाचली आणि पुन्हा वाचली. तिथं 'जनरल पर्पज इलेक्ट्रोड'च होतं. खाली त्याचीच सही.

पण जन्माची सवय अशी, की बोट आधी दुसऱ्याकडं वळलं. मी सही केली तेव्हा हे असं नव्हतं, तो स्वतःशी म्हणाला. यंत्रात डाग राहत नाही. सही झाल्यावर कुणीतरी ते परत बदललं. आणि यंत्राला हात लावणारं माणूस एकच होतं.

त्यानं ती प्रिंट घडी करून शर्टाच्या आत घातली आणि कुणाला काही बोलला नाही. त्या दिवसापासून जयावर त्याची नजर खिळली. ती डबा काचेच्या खोलीतच खाते, हे त्यानं हेरलं. गजा फोरमन आठवड्यातून एकदा तरी तिच्याकडं येऊन हळू आवाजात बोलतो, हेही हेरलं. गजा कर्जतचाच. दोघांनी मिळून नागूला घालवलं असेल का? नागूच्या जागी गजाचा मेहुणा चिकटणार असल्याचं कुजबुजलं जात होतं. की तिला रंगाच्या गमतीचा राग होता, आणि चेकरची सही असलेल्या नकाशातच घोळ करून ती सूड उगवत होती? घरी तो जेवताना घास हातात धरून बसू लागला. गौराबाईनं विचारलं तर म्हणाला, "ऑफिसात कोनीतरी माझ्या सहीखाली सुरुंग लावलाय."

इकडं जयाही बदलली होती. नकाशे साठवलेल्या फ्लॉप्या ती आता कुलपात ठेवायची आणि किल्ली पर्समध्ये. सखाराम आत आला की पडदा बंद करायची. ते बघून सखारामचा संशय आणखी पक्का झाला. चोराच्या मनात चांदणं, असं त्याला वाटलं.

शेवटी एका दुपारी साहेब मुंबईला गेले असताना त्यानं चपला काढल्या, काचेच्या खोलीत गेला आणि ती तेलकट प्रिंट तिच्यासमोर उलगडली.

जयानं चौकटीतली नोट वाचली. मग मान वर करून त्याच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कापत नव्हता.

"म्हणजे ती ही," ती म्हणाली. "शॉपमधली प्रिंट नाहीशी झाली, तुम्ही नेली, असं मला गजाकाकांनी सांगितलं होतं. काका, तुम्हीच ब्लेडनं ही ओळ खरवडून तिथं जुनी लिहिलीत. यंत्र चुकतं असं झालं की यंत्र बाहेर जाईल आणि माझी नोकरीही जाईल. हेच पाहिजे ना तुम्हाला?"

सखारामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आयुष्यभर त्यानं माणसांवर संशय घेतला होता, पण त्याच्यावर कुणी घेतलेला नव्हता. तो अंगावर कसा येतो ते त्याला आज कळलं. आपण खरं सांगतोय हे पटवायला आपल्याजवळ काहीच नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

"उघड," एवढंच तो म्हणाला. "तुझ्या कुलपातला नकाशा उघड. तिथं काय हाय ते दोगं बगू."

तिनं फ्लॉपी काढली आणि यंत्रात सरकवली. नकाशा पडद्यावर यायला वेळ लागला. तिनं डावा कोपरा मोठा केला. चौकटीतली नोट समोर आली. 'जनरल पर्पज इलेक्ट्रोड.' यंत्राच्या पोटातही तेच होतं.

सखाराम जिंकल्यासारखा हुंकारला. जया घाईघाईनं म्हणाली की थांबा, मी तुमच्यासमोर बदलून दाखवते. तिनं तेच तीन शब्द टाईप केले, नवे तीन टाईप केले आणि कळ दाबली. यंत्रानं उत्तर दिलं की असे शब्द या नकाशात नाहीत.

"नाहीत?" ती पुटपुटली.

"हे काय मग?" सखारामनं बोट काचेवर टेकवलं. "तुजं यंत्र आंधळं हाय का खोटारडं?"

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच उत्तर. ती बराच वेळ त्या चौकटीकडं बघत राहिली. चौकट अरुंद होती, म्हणून 'जनरल पर्पज' पहिल्या ओळीच्या शेवटी होतं आणि 'इलेक्ट्रोड' दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. मग तिनं पहिल्या ओळीत 'इलेक्ट्रोड' जोडलं, दुसऱ्या ओळीतून काढलं, आणि कळ दाबली. शब्द निमूट बदलले.

जयानं हात मांडीवर ठेवले. "काका, त्याला वाक्य कळत नाही. प्रत्येक ओळ त्याच्या लेखी वेगळी वस्तू आहे. एका ओळीत तिन्ही शब्द असले तर सापडतात. ओळ मधेच तुटली की त्याला ते दिसतच नाहीत. पुण्यात आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं."

ओळ तिथं तोडायला कुणी लावली होती, हे दोघांनाही आठवत होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. सखाराम उठला, आपल्या टेबलाशी गेला आणि तपासणीची जुनी प्रत काढून आणली. तिच्यावर त्याच्या पिवळ्या खुणा होत्या. रंगावर खूण, ग्रीसवर खूण, मोठ्या नोटांतल्या कांड्यांवर खूण. डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीजवळ काहीच नव्हतं. रंगाच्या गमतीनंतर यंत्रानं नको ते बदललंय का, एवढंच तो शोधत होता. जे बदलायचं राहिलं ते शोधायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. सही झाल्यावर कुणी काही केलेलं नव्हतं. सही झाली तेव्हाच ती ओळ तिथं होती.

गजानं नागूला कामाच्या सुरुवातीला याच चौकटीतून वाचून दाखवलं असणार, हेही आता दिसत होतं. मग अपघातानंतर त्याला ते आठवलं नाही, की आठवून घ्यायचं नव्हतं? सखारामनं पुढं त्याला विचारलं तेव्हा गजा म्हणाला की इतक्या दिवसांचं कुणाला आठवतं. त्यावर सखारामचा विश्वास बसला नाही आणि कधी बसणारही नव्हता.

त्या दुपारी दोघांनी त्या गिऱ्हाइकाचे सगळे नकाशे काढले आणि एकेक ओळ वाचली. तुटलेल्या ओळी आणखी काही ठिकाणी निघाल्या. त्यांतल्या एका नकाशाची टाकी खाली शॉपमध्ये उभी राहत होती. सखाराम पायात चपला न घालताच शॉपमध्ये धावला आणि तिचं काम थांबवून आला.

दुसऱ्या दिवशी दोघं साहेबांपुढं उभी राहिली. जया घाबरली होती, तिनं तसं सांगितलंही. सखारामनं सगळं सांगितलं, आपली न झालेली खूणसुद्धा दाखवली. साहेब ऐकत होते, पण त्यांचे डोळे बारीक झाले. त्यांनी विचारलं की हे इतक्या दिवसांनी आजच कसं सापडलं. नागूच्या बाजूनं तुम्हाला कुणी येऊन भेटलं का, युनियनवाल्यांनी काही शिकवलं का? सखाराम म्हणाला तसं काही नाही. मग साहेबांनी तोडगा काढला. नकाशे गुपचूप दुरुस्त करा. गिऱ्हाइकाला एका वेल्डरची चूक कळलेली आहे, आता ऑफिसचीच चूक म्हटलं तर ते सगळ्याच टाक्यांवर संशय घेतील. नागूचं पुढं पावसाळ्यानंतर बघू.

सखाराम आपल्या टेबलाशी येऊन बसला. प्रिंटांचा गठ्ठा सहीसाठी पडला होता. त्यानं पिवळी पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. त्याला कमळ्याचा प्लास्टरमधला हात दिसला, आणि पाड्यावर बसलेला नागू दिसला. गप्प बसलं तर काहीही होणार नव्हतं. त्याची सही चालू राहिली असती, जयाची नोकरी कायम झाली असती, आणि नागूला विचारायला इतक्या आत कोण जाणार होतं?

त्यानं गठ्ठा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशीही ठेवला. खालून माणसं नकाशे मागायला आली की तो म्हणायचा, तपासतोय. साहेबांनी बोलावून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की माझी एक सही खोटी निघाली आहे. ती कुणाच्या चुकीनं खोटी ठरली ते लोकांना कळेपर्यंत दुसरी सही मला करता येणार नाही. साहेब चिडले, दुसरा चेकर आणण्याची भाषा केली. पण गिऱ्हाइकाच्या करारात चेकर म्हणून सखारामचंच नाव होतं, आणि ते का बदललं याचं उत्तर पुन्हा गिऱ्हाइकालाच द्यावं लागलं असतं. आठवडाभर शॉप अडून राहिलं. मग साहेबांनी निलंबन मागं घेतल्याचा कागद टाईप करून घेतला आणि सखारामपुढं सरकवला. सखारामनं तो दोनदा वाचला, तारीख पाहिली, शिक्का पाहिला. म्हणाला, "मीच घेऊन जातो."

रविवारी तो खोपोलीहून गाडीनं कर्जतला उतरला, तिथून टेंपोनं कोंडिवड्यापर्यंत गेला आणि पुढं चालत. काखेत गुंडाळलेला नकाशा होता. पाड्यावर पोचला तेव्हा नागूची बायको ठमी अंगणात मोहाची वाळलेली पानं गोळा करत होती. तिनं त्याचा पांढरा शर्ट बघितला, काखेतली गुंडाळी बघितली आणि काही विचारायच्या आतच सांगितलं, की जमीन विकायची नाही. अलीकडं मुंबईचे लोक बंगल्यांसाठी जागा बघत फिरत होते आणि त्यांचे दलाल असेच कागदाच्या गुंडाळ्या घेऊन यायचे. सखारामनं कारखान्याचं नाव घेतलं, तर ती म्हणाली की नागू घरी नाही. घरातून खोकल्याचा आवाज आला, तरी ती तेच म्हणाली.

सखाराम बांधावर बसून राहिला. ऊन डोंगराआड जायला लागलं तेव्हा नागू बाहेर आला. तो लांबच उभा राहिला. सखारामनं कागद पुढं केला आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. मग नकाशा जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि ती चौकट दाखवली. इथं असं लिहिलं होतं, म्हणून तुला तसं सांगितलं गेलं. तू बरोबर केलंस. चूक माझी.

नागू नकाशाकडं बघत होता, पण वाकला नाही.

"मला वाचता येत नाय, दादा," तो म्हणाला. "तवा गजानं सांगितलं, मी आयकलं. आता तू सांगतोस, ते आयकू. तितं तू म्हनतोस तसंच लिवलंय का, हे मी कुनाला इचारू?"

पारडं उचलून बघता येतं, तिकीट वाचता येतं, दुसरं पंचांग मागता येतं. यातलं काहीच ज्याला करता येत नाही, तो माणूस रोज सखारामच्या सहीवर हातात आग धरत होता. हे त्याच्या इतक्या वर्षांत कधी मनात आलं नव्हतं.

"खरं हाय तुजं," तो म्हणाला. "मग कसं करू?"

नागू म्हणाला, "हे जे हितं बोललास, ते तितं बोल. समद्यांपुढं. गजा उभा असंल तवा."

सखारामनं होय म्हटलं. ठमीनं पाण्याचा तांब्या आणून दिला, पण तो पाणी पिऊन होईपर्यंत तिची नजर त्या कागदावरून हलली नाही.

नागू मंगळवारी आला. पाळी बदलताना सगळी माणसं शॉपमध्ये होती, कमळ्याही गळ्यात हात अडकवून आला होता. सखारामचा आवाज मोठा नव्हता, पण तो सगळं बोलला. ओळ मी तोडायला लावली, मी वाचली नाही, सही माझी होती. नागूला जे सांगितलं तेच त्यानं केलं. जयाही खाली आली होती. ती पुढं होऊन म्हणाली की बदल मी केला होता, यंत्रानं सांगितलं ते मी खरं मानलं. गजा हातमोज्यांची धूळ झटकत राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कमळ्या एवढंच म्हणाला की माझा हात तर मोडलाच.

नागू कामावर रुजू झाला, पण पहिल्यासारखा नाही. गजानं सकाळी नोट वाचून दाखवली की तो मान हलवायचा, आणि काम सुरू करायच्या आधी प्रिंट घेऊन जिना चढून काचेच्या खोलीशी यायचा. चपला बाहेर काढून जयाला म्हणायचा, बाई, यात काय लिवलंय? दोघांचं जुळलं तरच तो कांडी पेटवायचा. गजाला याचा राग यायचा. साहेबांनाही हा वेळेचा अपव्यय वाटे. सखारामनं मात्र त्याला एकदाही अडवलं नाही, आणि मला का विचारत नाहीस, असंही कधी म्हटलं नाही.

जयाची नोकरी कायम झाली. ती आता शब्द शोधताना आधी तिन्ही शोधायची, मग एकेकटा, आणि मग सखारामला आत बोलावून सगळा नकाशा डोळ्यांनी वाचायला लावायची. दोघं एकमेकांच्या चुका पकडायला बसायची. त्यात पूर्वीचं विष नव्हतं, पण फार गोडवाही नव्हता. सखारामनं बाजारात पारडं उचलणं सोडलं नाही. गौराबाईला त्याच्यात फरक दिसला तो एवढाच, की कोळीण शिव्या द्यायला लागली की तो आता थांबून ऐकून घ्यायचा.

होळीच्या सुमारास दुसरी टाकी तयार झाली. पाणी भरलं, दाब चढायला लागला. सगळे दाब दाखवणाऱ्या काट्याकडं बघत होते. सखाराम या वेळी वरून उतरून आला होता आणि नळीच्या जोडापाशीच उभा होता. त्याला सगळ्यांनी मागं सरायला सांगितलं, तो सरला नाही. काटा जिथं पोचायचा तिथं पोचला आणि थांबला. जोड कोरडा राहिला. तपासनिसानं सही केली, माणसं पांगली.

नागूनं खिशातून चिंधी काढली, जोड पुसला, आणि आपल्याच वेल्डवर अंगठा दाबत दाबत सबंध नळीभोवती फिरला.